सामन्यानंतरची संध्याकाळ

२८ जुलै २०२३. लंडनच्या ओव्हल मैदानावर ॲशेस मालिकेतली शेवटची कसोटी चालू होती. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ ४२ धावांवर होता. दुसऱ्या धावेसाठी तो वळला. तेवढ्यात बदली क्षेत्ररक्षक जॉर्ज ईलमने दुरून केलेली सुंदर फेक यष्टिरक्षक बेअरस्टोच्या हातात आली, स्मिथने सूर मारला आणि यष्ट्या मोडल्या. इंग्लंडचे खेळाडू एकमेकांना मिठ्या मारू लागले. मोठ्या पडद्यावरचं पहिलं दृश्य पाहून स्मिथसुद्धा तंबूकडे निघाला होता.

टीव्हीच्या खोलीत तिसरे पंच म्हणून इंदूरचे नितीन मेनन बसले होते. त्यांनी चित्रफीत पुढेमागे करून पाहिली. बेअरस्टोचा हातमोजा आधीच यष्टीला लागला होता, बेल एका बाजूने उचलली गेली होती. पण ती खाचेतून पूर्ण सुटेपर्यंत स्मिथची बॅट रेषेच्या आत पोचलेली दिसत होती. मेनन यांनी नाबाद दिलं. लाखो लोकांना तो बाद दिसला होता, मग हा निर्णय कशाच्या आधारावर? क्रिकेटच्या २९व्या नियमातल्या ‘पूर्णपणे’ या एका शब्दाच्या. बेल हलली, उचलली गेली, एका टोकावर उभी राहिली, तरी यष्टी मोडली असं होत नाही. बेल यष्ट्यांच्या माथ्यावरून पूर्णपणे सुटली पाहिजे, किंवा यष्टी जमिनीतून उखडली गेली पाहिजे. नियमांची राखण करणाऱ्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने त्याच दिवशी या नियमाचा अर्थ लोकांसमोर मांडला आणि वाद निवला.

तो शब्द पाठ असणं ही पंचाच्या शिक्षणाची पहिली पायरी. भर ॲशेसमध्ये, सगळं स्टेडियम एका बाजूला असताना, तो शब्द वेळेवर आठवणं आणि त्यावर ठाम राहणं ही बरीच वरची पायरी. पहिलीवरून तिथवर माणूस एकटा चढत नाही. त्याला कुणीतरी चढवतं. हे प्रकरण त्या कुणीतरीविषयी आहे.

इंदूरला खेळाडू घडवणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. नागपूरच्या सी. के. नायडूंना होळकरांनी १९२३ साली इथे आणलं, आणि नायडूंच्या नजरेखाली याच गावातला मुश्ताक अली नावाचा पोरगा मोठा झाला. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. कोणी कोणाला बॅट धरायला शिकवली, कोणी कोणाला रागावून सरळ खेळायला लावलं, याच्या गोष्टी इंदूरच्या मराठी घरांत अजून सांगितल्या जातात. पण त्या सामन्यांना उभे राहिलेले पंच कोण होते, त्यांना कोणी शिकवलं, हे कोणी सांगत नाही. खेळाडूला गुरू लाभतो, पंचाच्या वाट्याला परीक्षा येते, अशीच आपल्याकडची वहिवाट राहिली.

म्हणूनच नितीन मेनन यांची गोष्ट मला वेगळी वाटते. त्यांचे वडील नरेंद्र मेनन मध्य प्रदेशाकडून प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळले आणि पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाले. १९९३ ते १९९८ या काळात त्यांनी चार एकदिवसीय सामन्यांत पंचगिरी केली. तो काळ लक्षात घ्यायला हवा. टीव्हीवरच्या तिसऱ्या पंचाने बाद दिलेला पहिला फलंदाज म्हणजे सचिन तेंडुलकर, नोव्हेंबर १९९२ मध्ये, डर्बनला. म्हणजे नरेंद्र मेनन आंतरराष्ट्रीय सामन्यांत उभे राहू लागले तेव्हा ही सोय नवी कोरी होती, आणि पायचीत किंवा यष्टिमागचा झेल यासाठी तर तिचा काही उपयोगच नव्हता. डोळा, कान आणि धीर यांवरच सगळं चालायचं.

नितीन स्वतः मध्य प्रदेशाकडून थोडं खेळले आणि बाविसाव्या वर्षी त्यांनी स्पर्धात्मक क्रिकेट सोडलं. २००६ मध्ये बीसीसीआयने सुमारे दहा वर्षांच्या खंडानंतर पंचांची परीक्षा जाहीर केली. वडिलांनी सुचवलं की बसून बघ, पास झालास तर हा मार्ग पुढे केव्हाही धरता येईल. नितीन बसले आणि पास झाले. २०१७ साली आंतरराष्ट्रीय पदार्पण, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये लखनौला अफगाणिस्तान-वेस्ट इंडीज ही पहिली कसोटी, आणि जून २०२० मध्ये आयसीसीच्या एलिट पॅनलवर निवड. वय ३६, पॅनलवर सर्वांत तरुण. त्यांच्याआधी भारताचे दोघेच तिथे पोचले होते: एस. वेंकटराघवन आणि एस. रवी.

वडिलांच्या त्या सल्ल्यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. खेळाडू म्हणून थांबावं लागलेल्या मुलाला त्यांनी दुसरा दरवाजा दाखवला, आणि तो दरवाजा त्यांना माहीत होता कारण ते स्वतः त्यातून गेले होते. प्रत्येक गावात क्रिकेट सोडणारी बाविशीची मुलं ढिगाने असतात. त्यांना खेळ कळतो, मैदानाची सवय असते, उन्हात सात तास उभं राहता येतं. त्यांच्यातल्या किती जणांना कोणी म्हणतं, की अरे, पंच होऊन बघ?

जे पंच व्हायचं ठरवतात त्यांच्यापुढे परीक्षा उभी असते, आणि ती सोपी नाही. जुलै २०२२ मध्ये बीसीसीआयने अहमदाबादला महिला आणि कनिष्ठ गटाच्या सामन्यांसाठी पंच निवडायला परीक्षा घेतली. गुण एकूण २००: लेखी १००, तोंडी ३५, चित्रफिती पाहून निर्णय ३५ आणि शारीरिक क्षमता ३०. किमान ९० मिळवायचे होते. १४० जण बसले. तिघे पास झाले. त्यातला एक प्रश्न असा होता: मंडपाची, झाडाची किंवा क्षेत्ररक्षकाची सावली खेळपट्टीवर पडू लागली आणि फलंदाजाने तक्रार केली, तर काय कराल? मंडपाच्या आणि झाडाच्या सावलीचा विचार करायचा नाही. क्षेत्ररक्षकाला मात्र स्थिर उभं राहायला सांगायचं, नाहीतर चेंडू मृत घोषित करायचा. आणखी एक: गोलंदाजाच्या बोटाला खरोखरच जखम आहे, पट्टी काढली तर रक्त येईल, तरीही पट्टी काढूनच गोलंदाजी करायला सांगाल का? हो, सांगायचं.

प्रश्न चांगले आहेत. पण लेखी प्रश्नातला गोलंदाज तुमच्याकडे रागाने बघत नसतो. त्याचा कर्णधार शहरातला नावाजलेला खेळाडू नसतो. उत्तर द्यायला तुमच्याकडे दोन मिनिटं असतात, आणि चुकलात तर एक गुण जातो, एवढंच. मैदानात याच्या अगदी उलट. वेगवान गोलंदाज ताशी १४० किलोमीटरने चेंडू टाकतो तेव्हा तो फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. त्या अर्ध्या सेकंदात पंचाला आधी गोलंदाजाचा पुढचा पाय रेषेवर कुठे पडला ते पाहायचं असतं, मग नजर उचलून समोरच्या टोकावर न्यायची असते, आणि पायचीतचं अपील झालं तर चेंडू कुठे पडला, पॅडला कुठे लागला आणि यष्टीवर गेला असता का, ही तीन उत्तरं त्याच क्रमाने द्यायची असतात. नवशिका पंच नेमका इथे गोंधळतो. तो पाय बघत राहतो आणि चेंडू हुकतो, किंवा चेंडूच्या ओढीने पाय बघायचाच विसरतो.

हे वाचून येत नाही. हे नेटमध्ये येतं. चांगले पंच सरावाच्या जाळीत गोलंदाजाच्या यष्टीमागे जाऊन उभे राहतात. हातात बॅट नाही, चेंडू नाही, फक्त नजर खाली-वर करण्याचा रियाज. शेजारी जुना पंच उभा असला तर तो चेंडूकडे पाहत नाही, नवशिक्याच्या मानेकडे पाहतो. “मान हलली तुझी. डोळे हलव, मान नको.” असं एक वाक्य महिनाभराच्या पुस्तकवाचनाचं काम करतं.

मग बोट. अपील झालं की नवख्या पंचाचं बोट घाई करतं. आवाज मोठा असला की हातही आपोआप वर जातो, आणि अर्धा वर गेलेला हात खाली आणणं फार अवघड. जुनी मंडळी सांगतात की थांब, श्वास घे, जे पाहिलंस ते पुन्हा एकदा मनात चालव, मग ठरव. ऑस्ट्रेलियाचे सायमन टॉफेल २००४ ते २००८ सलग पाच वर्षं आयसीसीचे सर्वोत्तम पंच ठरले, आणि २०१२ मध्ये मैदानातून निवृत्त झाल्यावर आयसीसीतच पंचांच्या प्रशिक्षणाचं काम करू लागले. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या पंचाने निवृत्तीनंतर इतर पंचांना शिकवायचं काम धरलं, हे क्रिकेटच्या इतिहासात फारसं घडलेलं नव्हतं. खेळाडूंना फलंदाजीचे, गोलंदाजीचे, क्षेत्ररक्षणाचे वेगवेगळे प्रशिक्षक असतात. पंचालाही प्रशिक्षक लागतो, हे मान्य व्हायला शंभराहून अधिक वर्षं गेली.

खरं तर आपल्या भाषेत ही जाण आधीपासून आहे. ‘पंच’ हा शब्द पाचांतून आला, पंचायतीतून आला. मुळात तो एकट्या माणसाचा शब्दच नाही. कबड्डी आणि खो-खोत आपण आजही सरपंच म्हणतो. कबड्डीत एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असतात. बोनसच्या गुणासाठी चढाई करणाऱ्याचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत असावा लागतो. नव्या पंचाची नजर पुढच्या पायावर खिळते आणि मागचा पाय निसटतो. दोन पंचांत मतभेद झाला तर सरपंच मध्ये येतो. म्हणजे चुकणाऱ्याला सांभाळून घेणारा माणूस त्याच मैदानात, दहा पावलांवर असतो. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत कबड्डीचे नवे पंच असेच तयार झाले, वयस्कर सरपंचाच्या नजरेसमोर रेषेवर उभं राहून.

क्रिकेटमध्येही दोन पंच असतात, आणि एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावली तर सामना हीच शाळा होते. षटकातले दोन चेंडू उरले की जुना पंच समोरून हळूच खूण करतो. नवा पंच मोजणी विसरला असेल तर ती सावरली जाते. धावबादच्या वेळी चेंडू ज्या बाजूला मारला त्याच बाजूला सरकायचं, म्हणजे चेंडू आणि रेष दोन्ही नजरेत राहतात. नवा पंच उलट बाजूला पळाला तर जुना त्याला तिथे काही बोलत नाही. चहाच्या वेळी सांगतो. कुठे बोलायचं आणि कुठे नाही, हा मार्गदर्शकाच्या कामाचा मोठा भाग आहे. खेळाडूंसमोर दुरुस्त केलेला पंच त्या दिवशी पुन्हा पंच राहत नाही.

काही प्रसंगांसाठी मात्र कोणतीच तयारी पुरत नाही. इंदूरच्या नेहरू स्टेडियमने असा एक दिवस पाहिला. २५ डिसेंबर १९९७, नाताळ, भारत-श्रीलंका एकदिवसीय सामना. स्टेडियम भरलेलं. श्रीलंकेच्या डावाची तीन षटकं झाली आणि चेंडू असा उसळायला आणि खाली बसायला लागला की फलंदाजाच्या अंगाला धोका आहे हे सगळ्यांना दिसलं. कर्णधार, पंच आणि सामनाधिकारी यांच्यात चर्चा झाली आणि सामना रद्द झाला. लोक निराश होऊ नयेत म्हणून दोन्ही संघ नंतर पंचवीस-पंचवीस षटकांचा प्रदर्शनीय सामना खेळले. धोकादायक खेळपट्टीवर खेळ थांबवता येतो, हे नियमात थोड्या ओळींत लिहिलेलं आहे. पण सकाळपासून रांगा लावून आलेल्या हजारो लोकांसमोर ते वाक्य उच्चारायला जो कणा लागतो, तो कुठल्या लेखी परीक्षेत मोजला जात नाही. त्या दिवशी नेहरू स्टेडियमवर असलेला कोणताही तरुण पंच त्या एका तासात जेवढं शिकला असेल, तेवढं वर्षभरात शिकायला मिळत नाही.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. पंच चुकीमुळे मोडत नाही. चुकीनंतरच्या संध्याकाळी मोडतो.

सामना संपतो. खेळाडू आपापल्या घोळक्यात हसत किंवा चिडत निघून जातात. पंच एकटा कोट काढतो, टोपी पिशवीत टाकतो, स्कूटर चालू करतो. दुपारी दिलेला एक चुकीचा झेलबाद डोक्यात फिरत असतो. फलंदाजाने जाताना काय म्हटलं, ते शब्दन् शब्द आठवत असतं. ते घरी कोणाला सांगावं? घरच्यांना पायचीत आणि झेल यातला फरक सांगण्यातच रात्र जायची. अशा तीन-चार संध्याकाळी एकापाठोपाठ आल्या की मुलगा संघटनेला कळवतो की पुढच्या रविवारी जमणार नाही. मग त्याच्या पुढच्याही रविवारी. परीक्षा पास झालेला, नियम पाठ असलेला, तंदुरुस्त माणूस अशा रीतीने गळतो, आणि तो का गेला हे कोणी विचारत नाही. हे केवळ आपल्याकडेच घडतं असं नाही. इंग्लंडमध्ये हौशी फुटबॉलच्या पंचांना इतकी शिवीगाळ आणि मारहाण व्हायला लागली की तिथल्या फुटबॉल संघटनेने २०२३ मध्ये पंचांच्या अंगावर कॅमेरे लावण्याचा प्रयोग सुरू केला.

ज्या घरात बाप पंच होता, त्या घरातला मुलगा अशा संध्याकाळी एकटा नसतो. ‘मी चुकलो’ हे वाक्य ऐकून दचकणार नाही असा माणूस समोर बसलेला असतो, कारण त्याने तेच वाक्य स्वतः कितीदा तरी मनाशी म्हटलेलं असतं. हा वारसा पैशाचा किंवा ओळखीचा नाही. तो ऐकून घेण्याचा आहे. मध्य प्रदेशाने सुधीर असनानींसारखे आणखी आंतरराष्ट्रीय पंचही दिले, आणि एकाच शहरात असे दोन-तीन अनुभवी लोक असले की त्या शहरातल्या नव्या पंचाला फोन करायला जागा मिळते.

ज्यांच्या घरात असं कोणी नाही, त्यांचं काय? मुंबईच्या वृंदा राठी आधी गुणलेखिका होत्या. २०१३ मध्ये महिलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा न्यूझीलंडच्या कॅथी क्रॉस या महिला पंचांशी त्यांची भेट झाली आणि हे काम आपणही करू शकतो हे त्यांच्या मनात रुजलं. जानेवारी २०२३ मध्ये वृंदा राठी, एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालन या रणजी करंडकात पंच म्हणून उभ्या राहणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. एखाद्या भेटीतूनही मार्गदर्शन सुरू होऊ शकतं, हे खरं. पण ते नशिबावर सोडू नये. प्रत्येक जिल्हा संघटनेने नव्या पंचाच्या नावासमोर एका जुन्या पंचाचं नाव लिहावं, पहिल्या दोन मोसमांसाठी, आणि जुन्याला त्याचं मानधन द्यावं. याला फार मोठा खर्च येत नाही. निवृत्त पंच प्रत्येक शहरात असतात, आणि त्यांना कोणी बोलावत नाही हेच त्यांचं दुःख असतं.

आता तर ही गरज वाढली आहे. नरेंद्र मेनन यांच्या पिढीत चूक झाली तर मैदानावरच्या लोकांना शंका यायची, आणि संध्याकाळपर्यंत ती विरायची. आज चूक मिनिटभरात पडद्यावर दिसते आणि रात्रभर लाखो फोनवर फिरते. मार्च २०२३ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर झाली. मैदानावरच्या दोन पंचांपैकी एक होते नितीन मेनन, आपल्याच गावात. पहिल्याच षटकात मिचेल स्टार्कच्या गोलंदाजीवर रोहित शर्मा दोनदा वाचला. दोन्ही वेळा निर्णय नाबाद, ऑस्ट्रेलियाने दाद मागितली नाही, आणि दोन्ही वेळा पडद्यावर तो बाद असल्याचं दिसलं. कसोटीचं पहिलंच षटक. अजून अख्खा दिवस उभं राहायचं होतं, पुढच्या प्रत्येक चेंडूकडे मागचा विसरून पाहायचं होतं. भारत त्या डावात १०९ धावांत आटोपला आणि ऑस्ट्रेलियाने तिसऱ्या दिवशी नऊ गडी राखून सामना जिंकला.

त्याच वर्षी ॲशेसला निघण्यापूर्वी मेनन यांनी मुलाखतीत सांगितलं होतं की भारतात खेळताना मोठे खेळाडू पंचांवर दबाव आणायचा प्रयत्न करतात, निम्मे-निम्मे वाटणारे निर्णय आपल्याकडे वळवू पाहतात. पण आपलं मन ताब्यात असेल तर त्या दबावाकडे लक्ष जात नाही. इंदूरच्या त्या षटकानंतर पाच महिन्यांनी तेच ओव्हलला, टीव्हीच्या खोलीत, त्या बेलकडे पाहत बसले होते.

इंदूरच्या कुठल्याशा मैदानावर या रविवारीही एखादा मुलगा पहिल्यांदा पांढरा कोट घालून उभा राहील. खिशात सहा खडे असतील, एकेका चेंडूला एकेक खडा या खिशातून त्या खिशात. दुपारी कधीतरी तो चुकेल. संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसणाऱ्या जुन्या पंचाने ‘काय चुकलं’ असं विचारू नये. आधी विचारावं, “चेंडू पडला तेव्हा तू कुठे उभा होतास?” मग दोघांनी मातीवर काडीने यष्ट्या काढाव्यात, रेष काढावी, आणि मुलाने आपल्या पायाची जागा स्वतः दाखवावी.